भाच्याचं कार्ड आणि वहीतल्या तीन रेघा

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या भाच्याला बोलायला वेळ नसतो. साताऱ्यात त्याचा फोटो स्टुडिओ आहे. दुकानाच्या पाटीवर पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन असं सगळं असलं तरी घर चालतं ते लग्नांवर. त्यामुळे ऐन मार्गशीर्षात रात्री साडेअकराला त्याचा फोन आला, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे उचलायच्या आधीच कळलं.

"मामा, कार्ड गेलं. हळदीचे सगळे फोटो त्यातच आहेत."

कॅमेरा मेमरी कार्ड ओळखत नव्हता, लॅपटॉप म्हणत होता फॉरमॅट करा. मी एवढंच सांगितलं, की आता त्यावर एक अक्षरही लिहू नकोस, फॉरमॅट तर मुळीच नको. दुसऱ्या दिवशी रिकव्हरी सॉफ्टवेअरने बहुतेक फोटो बाहेर काढले. चाळीसेक गेले ते गेलेच, आणि त्यात नेमका आजीने नवरीला हळद लावतानाचा होता. अशा वेळी हमखास तोच जातो.

पुढचं वाक्य मात्र मला खटकलं. "ही कंपनीच भंगार आहे मामा. उद्यापासून दुसऱ्या कंपनीची घेतो." आदल्या वर्षी याच कारणाने त्याने आणखी एक कंपनी सोडली होती. वर त्याचा नियम असा, की कुठलंही कार्ड दोन वर्षांनी टाकून द्यायचं. दोनच का? तर कुणीतरी सांगितलं म्हणून.

भोसरीला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात माझी २२ वर्षं गेली. एक पीस रिजेक्ट झाला की "मशीन बिघडलं" अशी हाकाटी मी रोज ऐकलेली आहे. एका घटनेतून किती शिकायचं आणि कधी गप्प बसायचं, याचं एक शास्त्र आहे. शॉपफ्लोअरवर त्याला एसपीसी म्हणतात, म्हणजे स्टॅटिस्टिकल प्रोसेस कंट्रोल. भाच्याला ते कार्डांच्या निमित्ताने समजावलं, तेच इथे लिहितो. पण आधी कार्डाच्या पोटात काय चालतं ते बघायला हवं, नाहीतर मोजायचं काय हेच कळणार नाही.

कार्डात दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात. एक साठवणुकीची चिप, दुसरा तिच्यावर देखरेख करणारा कंट्रोलर. चिपमधली मेमरी फ्लॅश जातीची. १९८०च्या दशकात तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी ती शोधली. सगळा मजकूर एका झटक्यात पुसला जातो हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली, म्हणून हे नाव. पुढे हीच मेमरी कॅमेऱ्यात जाऊन बसली.

या चिपमध्ये अब्जावधी खण असतात आणि प्रत्येक खण विजेचा भार धरून ठेवतो. माठ डोळ्यांपुढे आणा, पण तोंड नसलेला. पाणी आत घालायचं ते भिंतीतून दाब देऊन, आणि बाहेर काढायचं तेही भिंतीतूनच. इथली भिंत म्हणजे ७ ते १० नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर. आपल्या केसाच्या जाडीचा साधारण दहा हजारावा भाग. सुमारे २० व्होल्टचा दाब देऊन इलेक्ट्रॉन या भिंतीतून आरपार ढकलले जातात. दर खेपेला भिंत थोडी दुखावते, काही इलेक्ट्रॉन तिच्यातच अडकून राहतात. अशा हजारो खेपा झाल्या की माठ पाझरायला लागतो. कार्डाचं झिजणं म्हणतात ते हेच. आत हलणारा एकही भाग नाही, तरीही झीज आहे.

माठात किती पाणी आहे यावरून मजकूर वाचला जातो. पूर्वीच्या महागड्या कार्डांत दोनच पातळ्या असत, भरलेला आणि रिकामा. अशा खणाला १ लाखाच्या आसपास लिहा-पुसा झेपायच्या. मग स्वस्ताईसाठी एकाच खणात तीन बिट (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) कोंबले, म्हणजे पाण्याच्या ८ पातळ्या ओळखायच्या. चार बिट म्हणजे १६ पातळ्या. भिंत तीच, पण आता जरासा पाझरही चालत नाही, कारण पाचवी पातळी चौथीसारखी दिसायला लागते. त्यामुळे तीन बिटवाल्या खणाचं आयुष्य काही शे ते तीनेक हजार फेऱ्यांवर आलं, चार बिटवाल्याचं हजाराच्या आसपास किंवा त्याखाली. आपण दुकानातून आणतो ती कार्डं बहुतेक याच दोन जातींची.

आणखी एक अडचण आहे. खणांच्या छोट्या गटाला पान म्हणू आणि अशा बऱ्याच पानांच्या गठ्ठ्याला वही. लिहिता येतं पानापानाने, पण पुसताना अख्खी वहीच धुवावी लागते. एका पानावरचा शब्द बदलायचा, तर कंट्रोलर ते पान नव्या वहीत उतरवून घेतो आणि जुनी वही सवडीने धुतो. त्यामुळे तुम्ही लिहिता त्याहून कार्ड प्रत्यक्षात जास्त लिहितं. फोटोसारख्या मोठ्या, सलग फाइलींना हा फरक किरकोळ असतो. बारीकसारीक नोंदी सतत लिहिल्या तर तो दुप्पट, तिप्पट, त्याहूनही वाढू शकतो.

कंट्रोलर त्यातल्या त्यात शहाणा असतो. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावाव्यात तसा तो सगळ्या वह्यांना पाळीपाळीने कामाला लावतो, म्हणजे एकच झिजत नाही. खराब झालेली वही बाजूला काढून राखीव साठ्यातली वापरतो. वाचताना दोन-चार बिट चुकले तर जोडीला साठवलेल्या गणिती खुणांवरून ते दुरुस्त करतो. यातलं काहीही तो तुम्हाला सांगत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं कार्ड आपलं दुखणं अंगावर काढतं, आणि कळतं तेव्हा एकदम आडवं झालेलं असतं. संगणकातल्या एसएसडीला, म्हणजे फ्लॅशच्याच डिस्कला, निदान "किती झिजलीस?" असं विचारता येतं. साध्या एसडी कार्डाला तीही सोय बहुधा नसते.

आता हिशेब. भाच्याची कार्डं ६४ जीबीची. एक कार्ड वर्षातून १०० वेळा पूर्ण भरून रिकामं होतं असं धरू, हेही सढळ हाताने. फेऱ्या हजारच धरल्या, तरी १० वर्षं. तोवर कॅमेराच जुना होईल.

आता तेच कार्ड दुकानातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यात टाका. कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट लिहितो, म्हणजे तासाला १.८ जीबी आणि दिवसाला ४३ जीबी. झोप नाही, सुट्टी नाही. आतलं जादा लिखाण तिप्पट धरलं तर हजार फेऱ्या साधारण ५०० दिवसांत संपतात, म्हणजे दीड वर्षही नाही. त्यावर कॅमेऱ्याची ऊब. उष्णतेने माठ जास्त पाझरतो, आणि आधीच झिजलेला तर आणखीच. म्हणून डॅशकॅम-सीसीटीव्हीसाठी जास्त टिकाऊ म्हणून वेगळी कार्डं विकतात आणि त्यांच्या वेष्टनावर रेकॉर्डिंगचे तास छापतात. कार्डाचं वय वर्षांत मोजणं म्हणजे गाडीचं वय तिच्या खरेदीच्या तारखेवरून ठरवण्यासारखं आहे. किलोमीटर कुणी विचारायचे?

म्हणजे भाच्याचं कार्ड झिजून मेलं नव्हतं हे उघड आहे. ते जेमतेम १४ महिन्यांचं होतं. मग कशाने मेलं?

भरपूर संख्येने वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही वस्तूच्या बिघाडांचा आलेख काढला, तर तो बऱ्याचदा आंघोळीच्या टबासारखा दिसतो. सुरुवातीला उंच, कारण जन्मजात दोष असलेले नग पहिल्या काही दिवसांतच जातात. मध्ये लांबलचक सपाट भाग, तिथे वयाचा संबंध नसतो, नशिबाचा असतो. शेवटी पुन्हा चढ, तो झिजेचा. कार्डाच्या बाबतीत सपाट भागात काय काय घडतं याची यादी भाच्याने स्वतःच केली आणि करता करता त्याचा आवाज खाली आला. फोटो लिहिला जात असतानाच कार्ड उपसणं. बॅटरी शेवटच्या घटका मोजत असताना शूटिंग रेटणं. एका कॅमेऱ्यातलं कार्ड फॉरमॅट न करता दुसऱ्यात खुपसणं. चाव्या-नाण्यांसोबत खिशात ठेवल्याने सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे. यातल्या पहिल्या तिघांत चिपला सहसा काही होत नाही. फाइलींची अनुक्रमणिका अर्धवट लिहिली जाते आणि पुस्तक शाबूत असून पानं सापडत नाहीत. त्याचे बहुतेक फोटो परत मिळाले ते यामुळेच.

बनावट कार्डांचा प्रकार मात्र वेगळाच. ३२ जीबीच्या चिपवर ५१२चं लेबल लावतात आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवतात. पहिले ३२ जीबी उत्तम चालतात, पुढचं सगळं हवेत. नवं कार्ड आणलं की पूर्ण भरून परत वाचून बघायचं, एवढा एकच उपाय. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि एफ-थ्री ही फुकटातली साधनं तेच करतात.

आता मूळ मुद्दा. एक कार्ड गेलं, ही बातमी आहे की नुसता गोंगाट?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात पडला होता. तिथे टेलिफोनची सामग्री बनायची. माल वारंवार दुरुस्तीला यायचा, आणि गंमत अशी की दोष दिसला की लगेच यंत्रणेत बदल करण्याच्या सपाट्याने माल आणखी बिघडायचा. वॉल्टर शूहार्ट नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १६ मे १९२४ रोजी आपल्या साहेबाला एक छोटंसं टिपण पाठवलं, त्यात एक आलेख होता. जगातला हा पहिला कंट्रोल चार्ट. मधोमध एक रेघ सरासरीची, वर एक, खाली एक.

शूहार्टचं म्हणणं असं, की कुठलंही काम दोनदा अगदी तंतोतंत एकसारखं होत नाही. आई रोज तेच पीठ, तोच तवा घेते, तरी भाकरी रोज केसाएवढी वेगळी होते. असंख्य बारीक कारणांची ही बेरीज असते. यातलं एकेक कारण शोधत बसण्यात हशील नाही. अशा कारणांना आम्ही कारखान्यात कॉमन कॉज म्हणतो. पण एखाद्या दिवशी भाकरी करपली आणि तपासलं तर गॅस मोठा राहिलेला होता, हे स्पेशल कॉज. ते शोधलं पाहिजे आणि सापडतंही. आलेखावरच्या वरच्या-खालच्या रेघा याच निवाड्यासाठी. आकडा रेघांच्या आत असेल तर काम नेहमीसारखं चाललंय, बाहेर गेला तर काहीतरी खास घडलंय.

रेघा किती लांब मारायच्या? शूहार्टने सरासरीपासून दोन्हीकडे तीन सिग्मा घेतले. सिग्मा म्हणजे आकड्यांच्या नेहमीच्या फैलावाचं माप. घंटेच्या आकाराचा फैलाव असेल तर ९९.७३ टक्के आकडे या रेघांत राहतात, म्हणजे हजारात तीनेक वेळाच उगाच धोक्याची घंटा वाजते. दोन सिग्मा घेतले असते तर दर वीस आकड्यांमागे एकदा साप साप म्हणून भुई धोपटावी लागली असती. चार घेतले असते तर खरा साप अंथरुणात येईपर्यंत कळलं नसतं. तीन हा दोन चुकांमधला परवडणारा सौदा आहे. त्यामागे कुठलाही दैवी नियम नाही, आणि शूहार्टनेही तसा दावा केला नाही.

हे शास्त्र आपल्याकडेही लवकर आलं. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये शूहार्ट भारतात येऊन गेले. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये मशीनशेजारी क्लिपबोर्डला लटकलेला, तेलाचे डाग पडलेला तक्ता दिसतो, तो या टिपणाचाच नातू. हल्ली तो स्क्रीनवर असतो, पण डाग तिथेही असतात. आणि फ्लॅश चिप बनते तिथेही हेच. मघाच्या त्या माठाच्या भिंतीची जाडी, छापलेल्या रेषांची रुंदी, सगळं मोजून कंट्रोल चार्टवर चढवलं जातं. भिंत थोडी पातळ व्हायला लागली, तर चिप अजून पास होत असतानाच कळावं म्हणून.

रेघांच्या बाबतीत एक घोटाळा इंजिनिअर मंडळीही करतात. माझ्या मशीनवर १२ मिलिमीटर व्यासाची पिन बनायची, गिऱ्हाइकाने ०.०२ अधिक-उणे चालेल असं ठरवून दिलेलं. या गिऱ्हाइकाच्या रेघा. कंट्रोल चार्टच्या रेघा मशीनच्या स्वतःच्या. पहिल्या सांगतात काय चालेल, दुसऱ्या सांगतात काय चाललंय. दोन्ही एकाच कागदावर काढल्या की हमखास गोंधळ होतो, म्हणून आमच्याकडे तशी मनाईच होती.

आणि त्याहून मोठा घोटाळा म्हणजे अतिउत्साह. एक ऑपरेटर फार मनापासून काम करायचा. पिन ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड आली की लगेच ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, ८ने कमी, पुढची ९ने बारीक आली की ९ने जास्त. दिवसभर बिचारा कळफलक सोडायचा नाही, आणि रिजेक्शन त्याच्याच शिफ्टला जास्त. कारण पहिली पिन जाड आली होती ती निव्वळ नेहमीच्या हेलकाव्याने. त्याने त्या हेलकाव्यावर स्वतःचा हेलकावा चढवला. स्थिर मशीनवर दर पीसमागे असं पुरेपूर दुरुस्त करत राहिलं तर फैलाव सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, हे गणिताने सिद्ध होतं. त्याला हात बांधून बसायला सांगितलं तर वाटलं मी त्याचा अपमान करतोय. भाचा दर बिघाडाला कंपनी बदलतो तेही हेच. नवी कंपनी म्हणजे नवं कार्ड, नव्या सवयी, आणि जुन्या अनुभवाचा हिशेब पुन्हा शून्यावर.

"पण माझा मित्र याच कंपनीची १० कार्डं वापरतो, एकही गेलं नाही," तो म्हणाला. ऐकायला छान वाटतं. पण दहातून शून्य गेली म्हणजे बिघाडाचं प्रमाण शून्य, असं होत नाही. साध्या संभाव्यतेने बघितलं, तर खरं प्रमाण २६ टक्के असतं तरी दहाच्या दहा टिकण्याची शक्यता वीसात एक उरतेच. आमचा ढोबळ नियम असा: एकही बिघाड नसेल तर ३ला नगांच्या संख्येने भागा, बिघाडाचं प्रमाण त्याहून कमी असावं असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. दहा कार्डांवरून "३० टक्क्यांखाली" एवढंच. "१ टक्क्याखाली" म्हणायचं तर ३०० कार्डं बिनतक्रार चालवून दाखवावी लागतील. तेवढी कार्डं साताऱ्यातल्या सगळ्या फोटोग्राफरांची मिळून असतील तर असतील. कंपनी चांगली की वाईट हे दोघांनाही माहीत नव्हतं, आणि दोघंही पैजेवर सांगायला तयार होते.

मग आम्ही वही घातली. दोनशे पानी, लाल कापडी बांधणीची. त्याच्याकडची आठही कार्डं पेंट मार्करने क्रमांकित केली. कार्डाच्या आतलं दुखणं दिसत नाही, तर बाहेरून काय मोजायचं? मी सुचवलं ते लिहायला लागणारा वेळ. खण थकले की कंट्रोलरला पुन्हा पुन्हा प्रयत्न करावे लागतात आणि वेळ वाढू शकतो. ही नाडी आहे, रक्ततपासणी नव्हे, हे त्याला तेव्हाच सांगून ठेवलं.

दर रविवारी सकाळी कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करायचं, त्याच लॅपटॉपला, त्याच कार्ड रीडरने, तोच १६ जीबीचा फोल्डर कॉपी करायचा आणि सेकंद लिहायचे. तोच, त्याच, तीच यावर मी फार जोर दिला. मोजायची रीत बदलली की आकडा बदलतो आणि आपण कार्डाला दोष देतो. आठ कार्डांना मिळून अर्धा-पाऊण तास. मोजण्यानेही कार्ड झिजतं, पण वर्षभरात १३ फेऱ्या, त्या सोडून द्या.

चार नंबरच्या कार्डाचे पहिले दहा आकडे असे: २२८, २३३, २२९, २३४, २२७, २३१, २२६, २३२, २२८, २३२. सरासरी २३०. ही मधली रेघ. आता लागोपाठच्या दोन आकड्यांतला फरक लिहा: ५, ४, ५, ७, ४, ५, ६, ४, ४. बेरीज ४४, नऊने भागून ४.८९. याला २.६६ने गुणा, १३ येतात. वरची रेघ २४३, खालची २१७. झालं, चार्ट तयार. कॅल्क्युलेटरसुद्धा मोबाइलमधलाच.

हे २.६६ आकाशातून पडलेलं नाही. लागोपाठच्या दोन आकड्यांतला सरासरी फरक हा सिग्माच्या १.१२८ पट असतो. तीन सिग्मा हवे म्हणून ३ भागिले १.१२८. सगळ्या आकड्यांचा एकदम फैलाव का नाही काढायचा, असं भाच्याने विचारलं, आणि प्रश्न खरोखर चांगला होता. समजा कार्ड हळूहळू मंदावत असेल, तर सगळ्यांचा एकत्र फैलाव त्या उतरणीमुळे मोठा येईल, रेघा लांब जातील आणि आजारपणच आजाराला झाकेल. शेजारच्या दोन आकड्यांवर उतरणीचा परिणाम जेमतेम होतो. तसे दहा आकडे थोडेच. कारखान्यात आम्ही २०-२५ घेतो. पण सुरुवातीला कच्च्या रेघा मारून पुढे पक्क्या करायला कुणी अडवलेलं नाही.

अकराव्या रविवारी २४१ आले. फोन: "मामा, ११ सेकंदांनी वाढलं, काढून टाकू?" रेघ २४३ला आहे, आत आहे, गप्प बस. बाराव्याला २२९.

चौदाव्या रविवारी ४३१. हे कुणालाही दिसलं असतं, चार्टची गरज नव्हती. गरज होती ती कारण शोधायची, आणि कार्डावर खापर फोडण्याआधी इतर कार्डांकडे बघायची. त्या दिवशी आठही कार्डं चारशेच्या पुढे होती. आठ कार्डं एकाच सकाळी म्हातारी होत नाहीत. रीडर लॅपटॉपच्या नेहमीच्या पोर्टऐवजी जुन्या यूएसबी हबला लावला होता, आणि यूएसबी टू पॉइंट झीरोमधून सेकंदाला ३५-४० एमबीच्या पुढे फारसं काही जात नाही. १६ जीबीला भागून बघा, आकडा तिथेच येतो. कुणी लावला? दुकानातल्या पोराने, मोबाइल चार्ज करायला जागा हवी म्हणून. ही नोंद वहीत लाल पेनाने आहे आणि तो आकडा रेघांच्या हिशेबातून वगळला, कारण तो का आला ते सापडलं. न सापडता वगळला असता तर ती लबाडी झाली असती.

खरा रंग नंतर भरला. श्रावणाच्या आसपास चार नंबरचे आकडे असे येऊ लागले: २३३, २३६, २३२, २३८, २३५, २३९, २३४, २३७. एकही रेघेबाहेर नाही. भाचा निवांत होता, मीच वही चाळताना थबकलो. आठच्या आठ मधल्या रेघेच्या वर. नाणं आठ वेळा उडवून आठही वेळा छापा पडण्याची शक्यता २५६त एक. असा ओळीने आठांचा घोळका एका बाजूला दिसला की काहीतरी सरकलंय असं समजायचं, हाही वेस्टर्न इलेक्ट्रिकचाच नियम, त्यांनी १९५६च्या हस्तपुस्तिकेत छापलेला. या वेळी बाकीची सातही कार्डं आपापल्या जागी होती. पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसल्या, रीडर बदलून पाहिला. आकडे तिथेच.

भाच्याचं म्हणणं, २३७ सेकंद म्हणजे अजूनही सेकंदाला ६७ एमबी. माझ्या व्हिडिओला १३ पुरतात, मग हरकत काय? गिऱ्हाइकाच्या रेघेने बघितलं तर काहीच हरकत नव्हती. पण कार्डाच्या स्वतःच्या रेघांनी बघितलं तर त्याचा स्वभाव बदलला होता, आणि का, ते आपल्याला दिसणार नव्हतं. ऐनवेळी परत न घडवता येणारा मुहूर्त त्याच्यावर सोपवायचा का, एवढाच प्रश्न.

इथे चार्टची मर्यादाही सांगतो, नाहीतर माझ्यावरच उलटेल. कंट्रोलरच अचानक गेला तर कुठलाही कागद आधी सांगणार नाही. दर रविवारी नाडी बघणाऱ्यालाही अपघात होतो. लग्नाचे फोटो वाचतात ते दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिणाऱ्या कॅमेऱ्याने. भाच्याने यंदा दोन स्लॉटचा कॅमेरा घेतला तेव्हा मी वहीपेक्षा त्यावर जास्त खूश झालो. फक्त दोन्ही स्लॉटमध्ये एकाच दिवशी एकाच पाकिटातून घेतलेली कार्डं घालू नकोस असं बजावलं, कारण एका लॉटचा, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या मालाचा, दोष दोघांत सारखाच येतो.

वहीचा उपयोग दुसरीकडे झाला. दोन वर्षं भरली म्हणून यंदा टाकून देणार होता ती तीन कार्डं त्याने ठेवली, त्यांचे आकडे पहिल्या महिन्यात होते तसेच आहेत. कंपनी बदलली नाही. कार्ड उपसायच्या आधी लाल दिवा विझला का बघायचं, हे दुकानातल्या पोरालाही पाठ झालंय.

चार नंबर लग्नांतून बाद झालं. दसऱ्याला साताऱ्याला गेलो तेव्हा विचारलं, त्याचं काय केलंस? म्हणाला, "वाया कशाला घालवायचं, दुकानाच्या सीसीटीव्हीत टाकलं." मी कपाळावर हात मारला. थकलेला बैल म्हणून गाडीतून सोडवला आणि नांगराला जुंपला! मघाचा ४३ जीबीचा हिशेब त्याच्यासमोर पुन्हा मांडला, तेव्हा कुठे त्याने ते काढलं. आता ते ताईच्या भजनाच्या स्पीकरमध्ये आहे. एकदा अभंग भरले, आता रोज पहाटे नुसतं वाचायचं, लिहायचं काही नाही. वहीत चार नंबरच्या पानावर शेवटची नोंद ताईनेच घातलीय: "आवाज चांगला येतो."